पन्हाळ त्यांची, ओल आमची

झड लागली आहे. कालपासून आभाळ खाली उतरून बसलंय, आणि पाऊस असा पडतोय की त्याला पाऊस म्हणायलाही जीभ रेटत नाही. धो धो कोसळणारा परवडला. तो येतो, आरडाओरडा करतो, निघून जातो. झड म्हणजे चहा पिऊन झाला तरी न उठणारा पाहुणा. आमच्या चिखलीत श्रावण सरता सरता ती एकदा बसली की मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, डब्यातले पापड सादळतात आणि दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास मारायला लागतो. पोळा येतो, महालक्ष्म्या येतात, तरी ही हलत नाही.

मला पावसाचा राग आहे. आपल्या मुलखात असं बोलायची सोय नाही. ज्या गावात नळ कधी येईल याचा अंदाज बांधत लोक लग्नाच्या तारखा धरतात, तिथे पावसाला नावं ठेवणारी बाई म्हणजे अन्नावर लाथ मारणारी. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते तेव्हा दरवर्षी मुलांना 'पाऊस पडला नाही तर' हा निबंध घालावा लागे. मुलं बिचारी विहिरी आटवायची, गुरं मारायची, शेवटी देवाला हात जोडायची. 'स्लॅब गळला तर' हा विषय मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हता. तो असता तर निम्म्या वर्गानं न विचारता पानं भरली असती, आणि गळक्या घरात भांड्यांत पडणाऱ्या थेंबांचं कौतुक करणारे जे लेख आम्ही शिकवायचो, त्यांना मुलांनी परस्पर उत्तर दिलं असतं. थेंबांचं संगीत ज्यांना ऐकू येतं त्यांनी आमच्याकडे यावं आणि मधल्या खोलीत एक झड काढावी. चहा मी देईन.

पण खरं सांगायचं तर पावसाहून जास्त राग मला स्लॅबचा आहे, आणि स्लॅबहून जास्त माझ्या जावेचा. काही वर्षांपूर्वीच्या एका झडीत माझ्या नवऱ्याच्या श्वासावर बेतलं. तेव्हापासून आभाळ असं खाली आलं की माझं डोकं वर जातं. नवऱ्याचं नाव भास्करराव. सासूबाई होत्या तोवर नाव घ्यायची चोरी होती. आता त्या नाहीत, तेव्हा मी ते खणखणीत घेते.

घर सासऱ्यांनी बांधलं. त्यांनी उमेदीची वर्षं बैलगाडीवर पिंपं लादून लांबच्या विहिरीवरून पाणी आणण्यात घालवली होती. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत ते माणूस राहिले नव्हते, सावकार झाले होते. स्लॅब टाकायची वेळ आली तेव्हा मिस्त्री म्हणाला, चारी बाजूंनी उतार देतो, पाणी खाली पडायला चार पन्हाळी काढतो. सासरे म्हणाले, "माह्या घरावरचं थेंबभर पानी नालीत नाही गेलं पाह्यजे." मिस्त्रीनं डोकं खाजवलं आणि घरधन्याचं ऐकलं. स्लॅब सपाट झाला, भोवती गुडघाभर कठडा आला आणि एकुलती एक पन्हाळ मागच्या अंगाला, थेट हौदावर निघाली. पाणी घरावर पडावं, घरावरच थांबावं, आणि लागेल तसं हौदात उतरावं, अशी ती योजना. सगळी गल्ली पाहायला आली होती म्हणतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. तहानलेल्या गावात असलं घर बांधणारा शहाणाच ठरतो. घर म्हणजे पाणी बाहेर ठेवायची वस्तू, हे तिथे जमलेल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. पंच बसले, खोल्या मोजल्या, अंगण मोजलं, कडुनिंबाच्या सावलीवरही अर्धा तास वाद झाला. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि तिला दार ठेवलं नाही. पुढचा भाग थोरल्याचा म्हणून आमचा. मागचा धाकट्याचा, म्हणजे विलास भाऊजी आणि त्यांची बायको सुनंदा यांचा. हौद मागे होता म्हणून हौद त्यांचा. पन्हाळ हौदावर, म्हणून पन्हाळही त्यांची. डोक्यावरचा स्लॅब मात्र तसाच एकसंध राहिला. त्याचं काय करायचं हे पंचांना कोणी विचारलं नाही आणि पंच जेवायला उठले.

आता आमची माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर उभं असलेलं घर कुठल्या अंगाला कलेल हे तिच्या मनावर. आमचं घर पुढच्या अंगाला बसलं. अगदी थोडं, डोळ्याला दिसणार नाही एवढं. पण पाण्याला डोळे लागत नाहीत. पन्हाळ मागे आणि उतार पुढे, असा आमचा संसार सुरू झाला.

एरवी पन्हाळ वाहती असली की पाणी कुरकुरत का होईना मागे जायचं. त्या वर्षी झड लागली, हौद पहिल्याच आठवड्यात काठोकाठ भरला, आणि सुनंदानं बारदान्याचा बोळा करून पन्हाळीत ठोकून बसवला. हौदातलं पाणी संपेल तसा बोळा काढायचा, हौद भरून घ्यायचा, पुन्हा ठोकायचा. मी वर गेले तर स्लॅबवर तळं. त्यात कडुनिंबाची पानं तरंगत होती आणि एक बगळा कठड्यावर विचार करत बसला होता. मी तशीच भिजत गल्लीला वळसा घालून मागच्या दारात गेले.

"सुनंदा, पन्हाळीत बोळा काऊन कोंबला?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हौद भरला ना ताई. मंग काय पानी नालीत सोडून देऊ? नळ कवा येईन, काही भरोसा हाये का?"

"अवं पन वरतं तळं झालं. आमच्या इकडं ओल उतरून राह्यली."

"सिमेटचा स्लॅब हाये तो. सिमेटातून कुठी पानी येते का?"

हे बोलताना तिच्या चेहऱ्यावर पाप नव्हतं, हे मी देवाला स्मरून सांगते. म्हणूनच जास्त चीड येते. कावेबाज माणसाशी भांडता येतं; भाबड्या माणसाला आधी भांडणाचं कारण शिकवावं लागतं. मी बोळा काढायला हात लावला तर ती तांदळाचं सूप खाली ठेवून उठली. मागचं अंगण तिचं, पन्हाळ तिची. वाटणीच्या कागदावर माझीही सही आहे.

ओल ही अशी जात आहे की ती आधी बोलत नाही. पाहुणीसारखी कोपऱ्यात उभी राहते. मधल्या खोलीच्या छताला, पंख्याच्या कडीपाशी, पहिल्यांदा हाताच्या पंज्याएवढा डाग आला. मग त्या डागाला पिवळी किनार आली. मग रंगाचे पोपडे सुटले आणि जेवताना ताटात पडू लागले. भिंतीतून खाली उतरता उतरता ओल विजेच्या बटनांपर्यंत आली, आणि दिवा लावायला गेलेल्या मला असा झटका बसला की हातातली वाटी समोरच्या भिंतीवर गेली. कपाटाच्या मागच्या फळीला वाळवी लागली. माझा लग्नातला शालू, मुलीची शाळेतली प्रशस्तिपत्रकं, बाळंतविड्याच्या दुपट्यांचं गाठोडं, सगळ्यावर हिरवट बुरशी. लोक नुकसान विचारतात तेव्हा त्यांना सिमेंटचा आणि रंगाचा खर्च ऐकायचा असतो. तो सांगून मोकळं होता येतं. पण दुपट्यांचा वास गेला त्याचं काय लावायचं? चार पिढ्यांची बाळं त्या वासात झोपली होती. आता दुपट्यांना तळघराचा वास येतो.

आणि त्या खोलीत, त्या भिंतीला उशी टेकून, भास्करराव झोपायचे. आयुष्यभर त्यांनी धान्याच्या अडतीवर मुनिमी केली. तुरीचा, हरभऱ्याचा, सोयाबीनचा धुराळा छातीत साठवला आणि घरी आणला. दमा होताच. पण तो माणसात राहणारा दमा होता, थंडीत येऊन जाणारा. बुरशीच्या भिंतीखाली त्याला मुक्कामाला जागा मिळाली. आठवड्याभरात ते जिना सोडाच, मोरीपर्यंत जाऊन आले तरी दाराची चौकट धरून उभे राहायला लागले. मी म्हटलं, भावाशी बोला. भावाचं ऐकतील ते.

"पान्यापाई भांडतेत का कोनी?" भास्करराव म्हणाले. "लहान हाये तो. जाऊ दे."

लहान! विलास भाऊजींना नातू झाला होता. पण थोरल्याला धाकटा कायम चड्डीतच दिसतो. मी पलंग ओढून खोलीच्या मध्ये आणला, वर प्लॅस्टिकचा कागद बांधला, आणि भास्करराव त्या कागदाखाली आलेल्या-गेलेल्याला हसून बसायला सांगायचे. त्यांचं ते हसणं मला तेव्हाही सोसवत नव्हतं.

नातेवाईक आले. नातेवाईक अशा वेळी येतातच. ते छताकडे पाहायचे, जीभ टाळ्याला लावून चुक् करायचे आणि म्हणायचे, जुळवून घ्या, काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही. मी म्हटलं, पाणी नाही दुभंगत, स्लॅब दुभंगतो, वर जाऊन बघा. कोणी वर गेलं नाही. सगळ्यांना जेवून निघायचं होतं. मग मिस्त्री आले. एक म्हणाला वर डांबर ओता, दुसरा म्हणाला डांबरानं वाट लागते, केमिकल मारा, तिसऱ्यानं आतून गिलावा फोडून नवा करायचा सल्ला दिला. पाणी वर उभं आहे ते आधी काढा असं म्हणायला यांची जीभ का वळत नव्हती? कारण ते काढायला मिस्त्री लागत नाही, आणि ज्याला मिस्त्री लागत नाही ते काम कोणताच मिस्त्री सुचवत नाही.

सगळ्यात मोठा गाढवपणा रंगाचा. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. आमच्याकडे त्या थोरल्याच्या घरीच बसतात, वाटणी झाली तरी ही रीत मोडत नाही. दोन्ही जावांनी मिळून स्वयंपाक करायचा, हेही मोडत नाही. देवी कशा बसवणार पोपडे सुटलेल्या भिंतीपुढे? म्हणून भास्कररावांनी रंगारी बोलावला, आणि त्यानं ओल्या भिंतीवर गुलाबी डिस्टेंपर फासला. आपल्या लोकांना ओल दिसली की रंग आठवतो. भिंत वाळू द्यायची, मग खरवडायची, मग रंगाचं बोलायचं, एवढा धीर सणाला नसतो. चार दिवसांत भिंतीला पुऱ्यांसारखे टम्म फुगे आले. आत पाणी, वर गुलाबी साय. बोट लावलं की फुटायचे.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी भरजरी साड्या नेसून त्या फुग्यांपुढे उभ्या. इकडे स्वयंपाकघरात आम्ही दोघी. ती पुरण हाटत होती, मी सोळा भाज्या निवडत होते. बाहेर झड, आत धूप, शिवाय ओलं सरपण. पंधरा दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो, पण पुरणात गूळ किती हे न बोलता कसं ठरवणार?

"गूळ कमी हाये," मी म्हटलं.

"बरोबर हाये."

"तुले कोनतं कमी अन् कोनतं जास्त, कळते का वं? हौद भरला तरी तुले कमीच दिसते."

तिनं पळी पातेल्यात आपटली. "बोला, बोला. देवीपुढं बोलून घ्या. तुम्ही नोकरीवर जायच्या ताई, पिशवी उचलून. माह्या डोक्यावर हंडे होते. पान्याची किंमत तुम्हाले काय माहीत?"

"मले श्वासाची माहीत हाये. दिवसभर ऐकतो मी."

यावर ती पळी उचलून पुरणाकडे वळली. मी जिंकले असं मला वाटलं, आणि तेवढ्यात आम्हा दोघींच्याही लक्षात आलं की मधल्या खोलीतून खोकला ऐकू येत नाहीये. खोकला म्हणजे निदान हवा आत-बाहेर होतेय. मी भाजीची परात तिथेच टाकून धावले. भास्करराव पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानापर्यंत गेलेले, ओठ जांभळे. तोंड उघडं होतं आणि त्यातून फक्त शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. औषधाचा पंप उशीखाली होता. उशी ओली होती. मी पंप तोंडात धरला, पण तो ओढायलाही आत जागा नव्हती.

जेवायला बोलावलेल्या सवाष्णी यायला लागलेल्या. त्या ओल्या छत्र्या हातात धरून बघत राहिल्या. सुनंदा ओरडली, "अहो, दादाले उचला! आपल्याकडं घ्या, इथं नका ठेऊ!" आणि विलास भाऊजींनी आणि तिनं, हो तिनंही, भास्कररावांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. मधल्या भिंतीला दार नाही. म्हणून ती खुर्ची पुढच्या दारानं बाहेर, पावसातून गल्लीला वळसा घालून, मागच्या दारानं आत गेली. मी त्यांच्या डोक्यावर एक रिकामी परात धरून बाजूनं पळत होते. डॉक्टर आले, वाफ दिली, सुई दिली. संध्याकाळपर्यंत ओठांचा रंग परतला. जाताना डॉक्टरांनी विचारलं, हे झोपतात कुठे? मी सांगितलं. ते म्हणाले, त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवू देऊ नका.

झालं. माझा नवरा भिंतीच्या पलीकडे राहायला गेला. सुनंदाच्या घरात ओल नव्हती, असणार कशी? तिनं त्यांना कोरडी खोली दिली, निलगिरीचा वाफारा दिला, मुगाची खिचडी मऊ करून भरवली. सगळ्या गल्लीत तिचं नाव झालं. बघा, जाऊ असावी तर अशी. मी पुढच्या घरात प्लॅस्टिकच्या कागदाखाली बसून हे ऐकत होते. आधी घर बुडवायचं आणि मग होडी घेऊन यायचं, याला जर माया म्हणत असतील तर म्हणोत. मी म्हणणार नाही. तिनं त्या दिवशी त्यांचा जीव वाचवला हे खरं आहे. तो धोक्यात कोणी घातला हेही खरं आहे, आणि पहिलं बोलताना दुसरं कोणी बोलत नाही.

मी विलास भाऊजींना गाठलं. म्हटलं, आता तरी बोळा काढा, पाऊस उघडला की स्लॅबला उतार करून घेऊ. भाऊजी वांग्याच्या पाट्या जीपमध्ये चढवत होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "वहिनी, दादा तं आता आमच्याकडं बरा हाये. मंग स्लॅबची काय घाई? पाहू ना उन्हाळ्यात."

माणूस हलवला म्हणून गळती मिटली! याच न्यायानं गावाला आग लागली तर लोक दुसऱ्या गावी न्यावेत आणि आगीचं उन्हाळ्यात पाहावं. अशा वेळी शिकलेली बाई काय करते? अर्ज लिहिते. मी अर्ज लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडी बांधली, घराला कुलूप घातलं, गल्लीला वळसा घातला आणि सुनंदाच्या स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले.

"नवरा इथं, तं मीबी इथं," मी म्हटलं. "सरक जराशी."

ते दिवस आठवले की मला अजूनही गुदगुल्या होतात. मी तिच्या भाजीत मीठ टाकलं, तिनं माझ्या वरणात. मी तिची फोडणी करपली म्हटलं, तिनं माझ्या भाकरीला नकाशा म्हटलं. पण ते किरकोळ. मी आमच्या घरातलं प्रत्येक ओलं चिरगुट तिच्याकडे आणलं. गोधड्या, सतरंज्या, पडदे, बुरशी लागलेला शालू, दुपट्यांचं गाठोडं. आणि ते सगळं तिच्या हौदाच्या पाण्यानं धुवायला काढलं. बादलीवर बादली. ती दारात उभी राहून बघायची. बोलणार काय? पाणी माझ्याही डोक्यावरून आलेलं होतं. झडीत वाळणार कुठे? म्हणून मी तिच्या पुढच्या खोलीत, पडवीत, स्वयंपाकघरात दोऱ्या बांधल्या आणि ओल्या गोधड्या टांगल्या, भास्करराव झोपायचे तेवढी खोली सोडून. तिच्या घरात पाऊल टाकलं की तोंडावर गार ओली गोधडी यायची. तिच्या मिठाला पाणी सुटलं. तिच्या पिठाला वास आला. तिचा नातू शिंकायला लागला.

आणि मग एका सकाळी, हौद तळाला गेलेला, नातू कडेवर, अशी सुनंदा अंगणात आली आणि तिनं पन्हाळीतला बोळा उपटून लांब फेकून दिला. वरचं तळं असं कोसळलं की हौद भरून वाहिला आणि पाणी अंगणातून सरळ नालीत गेलं. सासऱ्यांचा आत्मा तडफडला असेल. संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं ते मी भिंतीआडून ऐकलं, आडून म्हणजे शेजारी बसून: "मिस्तरी आना. कवा आनता ते सांगा. नाही तं मी माहेरी जातो, तुम्ही अन् वहिनी पाहा काय पाहायचं ते."

दसऱ्यानंतर ऊन पडलं तेव्हा काम झालं. जुना थर खरवडून निघाला, दोन्ही अंगांना उतार देऊन नवा कोबा घातला, कठड्याच्या बुडाशी जिथे पाणी नेहमी शिरतं तिथे गोलाई करून घेतली, आणि पुढच्या बाजूला आमची स्वतःची पन्हाळ निघाली. भिंती हिवाळाभर उघड्या ठेवल्या. रंगाचं नाव काढू दिलं नाही. उन्हाळ्यात हात लावला तर भिंत तापलेली, खडखडीत. भास्करराव घरी आले. मी त्यांना भिंतीपाशी नेलं, त्यांचा हात धरून तिच्यावर ठेवला. "वाळली," ते म्हणाले, आणि खाली बसले, कारण गल्लीला वळसा घालून आल्यानं त्यांना दम लागला होता.

पुढे बुलढाण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि मला समजेल अशा भाषेत सांगितलं की एवढे दिवस बुरशीत काढल्यानं फुप्फुसाचा जो भाग गेला तो आता परत यायचा नाही. आहे तेवढा जपा. मी म्हटलं, भिंत तर सुकली. ते म्हणाले, भिंतीला मिस्त्री असतो.

म्हणून दर वैशाखात, लोक लोणच्याच्या कैऱ्या आणतात तेव्हा मी स्लॅबवर असते. केरसुणी घेऊन, या वयात. पन्हाळीत काडी घालते, कठड्याच्या कडेनं बोट फिरवते, भेग दिसली की त्याच दिवशी बुजवते. मग बादलीभर पाणी ओतून उभी राहते आणि ते कुठे जातं, कुठे रेंगाळतं ते बघते. घरात पलंग भिंतीपासून हातभर दूर. गल्लीतल्या बाया हसतात. मास्तरीणबाईंना स्लॅबचं वेड लागलं म्हणतात. त्याच बाया झड लागली की माझ्याकडे येतात, डाग दाखवतात आणि विचारतात, आता काय करावं? मी त्यांच्या तोंडावर सांगते, आता काही करू नका, पातेली मांडा. करायचं ते ऊन होतं तेव्हा होतं. तेव्हा तुम्ही कुरडया वाळवत होता. माझ्या बोलण्याचा त्यांना राग येतो. येऊ दे.

आजही झड आहे. छत कोरडं आहे, भिंत कोरडी आहे, घरात कुठे डाग नाही. भास्करराव पलंगावर तीन उशा पाठीशी घेऊन बसले आहेत, कारण आडवं झोपणं त्यांना आता जमत नाही. दुपारी सुनंदा येते. दर झडीत रोज येते. हातात काहीतरी झाकून आणलेलं असतं, आणि दारातच विचारते, "ताई, दादाले आता कसं हाये?"

मी उत्तर देत नाही. तिचा हात धरून तिला मधल्या खोलीत नेते, पलंगापाशी उभी करते आणि म्हणते, "ऐक."

ती ऐकते. पदर तोंडाला लावते, खाली बघते. किती वेळ उभं ठेवायचं हे मी ठरवते. गल्ली मला दुष्ट म्हणते, माझी मुलगी फोनवर मला समजावते, आणि खुद्द भास्कररावांना ते अजिबात आवडत नाही. ते माझ्याकडे हात करतात.

"सोड ना वं..." ते म्हणतात, थांबतात, खांदे वर घेऊन हवा ओढतात, आणि मग उरलेलं पुरं करतात, "...आता तिले."

एवढ्याशा वाक्याला त्यांना मध्ये थांबावं लागतं. म्हणून मी सोडत नाही.